इथली प्रत, तिथली प्रत

महाडच्या नातेखिंडीतून रायगडाकडे वळलेला रस्ता नाते, कोंझर करत पाचाडला पोहोचतो. पावसाळ्यात या रस्त्यावरच्या कुठल्याही गावात, सेवा केंद्रातल्या नाहीतर शाळेतल्या संगणकासमोर, एक दृश्य हमखास बघायला मिळते. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत असते. ऐंशी टक्के, एक्क्याण्णव, त्र्याण्णव. बाहेर वीज कडाडते आणि दिवे जातात. इन्व्हर्टर संगणक सांभाळतो, पण टॉवरची रेंज जाते आणि पट्टी जागच्या जागी थिजते. दहा मिनिटांनी रेंज येते. पट्टी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

आधी गेलेल्या त्र्याण्णव टक्क्यांचे काय झाले, असा प्रश्न समोर बसलेल्या माणसाला पडतोच. दूरचा सर्व्हर आणि आपल्यासमोरचा संगणक यांच्यात फाइलची ने-आण कशी करावी, हा विषय वरवर फक्त संगणकवाल्यांचा वाटतो. पण सातबारा, पीक पाहणी, उत्पन्नाचा दाखला, शाळेची माहिती, दवाखान्याचे अहवाल हे सगळे आता याच वाटेने जाते-येते, आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य तालुक्याच्या कचेरीत ‘साहेब जेवायला गेलेत’ या वाक्याइतकेच सवयीचे झाले आहे. या प्रश्नावर पन्नासहून अधिक वर्षे विचार चालू आहे. त्यात तीन वाद एकात एक गुंतलेले आहेत. फाइल कोणत्या वाटेने न्यायची, तिच्यातले किती न्यायचे आणि मुळात न्यायची तरी का.

पाकिटाचे दिवस

नाते गावाचा या विषयाशी एक जुना धागा आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी इथला. आयसीएसमधल्या सुरुवातीच्या काळात मध्य प्रांतात त्यांनी जमीन बंदोबस्ताचे काम केले. पुढे १९४५ पासून १९६४ पर्यंत ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत गावोगाव भरलेले तक्ते याच संस्थेत पोहोचत, आणि देशातला पहिला डिजिटल संगणक, एचईसी-२एम, १९५५-५६ साली याच संस्थेत आला. गावात माहिती लिहायची, ती दूर एका मोठ्या यंत्राकडे न्यायची आणि तिथून निष्कर्ष परत आणायचे, ही रचना तेव्हाच उभी राहिली होती. वाहतूक मात्र कागदाची होती.

तशी वाहतूक कोकणाला नवीन नव्हती. गावोगावचे वार्ताहर बातम्यांचे पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे देत आणि शहरातल्या स्टँडवर वर्तमानपत्राचा माणूस ते उतरवून घेई. कोणत्या गाडीने टाकले तर रात्रीच्या आवृत्तीत बसेल, हे वार्ताहराला पाठ असे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात केलेल्या विंचूदंशावरच्या कामाची ‘लॅन्सेट’ने १९८२ मध्ये दखल घेतली, तेव्हाही लंडनला हस्तलिखित पाठवायचे म्हणजे टपालच.

भारतातल्या संगणकांना एकमेकांकडे मजकूर पाठवता येऊ लागला तो १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पामुळे. पाच आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या संस्था त्यात होत्या. सुरुवातीला सतत जोडलेली तार नव्हतीच. एक संगणक दुसऱ्याला टेलिफोन लावी, साठलेला पत्रव्यवहार देई-घेई आणि फोन ठेवून देई. म्हणजे एसटीच्या पाकिटाचीच पद्धत, फक्त गाडीच्या जागी टेलिफोन. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत.

एफटीपी आणि तिचे वारस

फाइल नेण्याच्या नियमावलीचे, म्हणजे एफटीपीचे, पहिले टिपण १६ एप्रिल १९७१ चे. ते लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. त्यांच्यापुढची अडचण आजच्या वाचकाला चटकन उमगणार नाही. त्या काळच्या अर्पानेट या संगणकजाळ्यावर जोडलेली यंत्रे एकाच घडणीची नव्हती. एकाचा ‘शब्द’ ३६ बिटांचा, दुसऱ्याचा वेगळा. ओळ कुठे संपते याची खूणही प्रत्येकाची निराळी. त्यामुळे एफटीपीला सांगावे लागे की येणारी फाइल मजकुराची आहे की नुसत्या बिटांची. मजकुराची म्हटले तर वाटेत ओळींच्या खुणा बदलल्या जात. पुढे ज्यांनी छायाचित्र किंवा झिप फाइल चुकून मजकुराच्या पद्धतीने चढवली, त्यांना फाइल पोहोचूनही उघडत का नाही याचा पत्ता लागत नसे. १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी ही नियमावली ज्या रूपात पक्की केली, तीच आजही पायाभूत मानली जाते.

एफटीपी दोन वाटा वापरते. एका वाटेने हुकूम जातात, दुसऱ्या वाटेने माल. मूळ रचनेत मालाची वाट सर्व्हर स्वतः उघडून आपल्या संगणकाकडे येई. इंटरनेटवर सगळे ओळखीचे होते तोवर हे ठीक होते. घरोघरी राउटर आणि फायरवॉल आल्यावर बाहेरून आपणहून येणारी जोडणी दारातच अडू लागली. मग दोन्ही वाटा आपल्याच बाजूने उघडण्याची ‘पॅसिव्ह’ पद्धत रूढ झाली.

खरा आक्षेप दुसराच होता. एफटीपीत नाव आणि पासवर्ड उघडे जातात. पोस्टकार्डावर लिहिल्यासारखे, वाटेतला कुणीही वाचू शकेल असे. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात अशीच पासवर्डची चोरी झाली, आणि तिथले संशोधक तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही सगळे झाकून नेणारी जोडणी तयार केली. सर्व्हरवर एफटीपीच्या दाराचा (पोर्टचा) क्रमांक २१, दूरच्या संगणकावर काम करू देणाऱ्या टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला. या झाकलेल्या वाटेवरून फाइल नेण्याच्या दोन रीती आल्या, एससीपी आणि एसएफटीपी. एफटीपीलाच वरून कुलूप लावलेली एफटीपीएस ही तिसरी रीत. एसएफटीपी आणि एफटीपीएस ही नावे इतकी जवळची आहेत की कचेऱ्यांच्या पत्रांत एकीच्या जागी दुसरी सर्रास लिहिली जाते, पण आतून त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

या वादाचा निकाल बऱ्यापैकी लागला आहे. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीने आपली सार्वजनिक एफटीपी सेवा नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद केली. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीचा आधार काढून टाकला. एप्रिल २०२२ मधल्या ओपनएसएसएच या एसएसएच-साधनाच्या नवव्या आवृत्तीत तर एससीपीची आज्ञासुद्धा आतून एसएफटीपीने चालू लागली. तरीही एफटीपीचे समर्थक उरले आहेत आणि त्यांची बाजू पोकळ नाही. जुने स्कॅनर, कॅमेरे, कारखान्यांतली नियंत्रण यंत्रे यांना दुसरी भाषाच येत नाही. बंद जाळ्यात, आतल्या आत फाइल हलवायची असेल तर ती पुरते. यंत्र बदलायचा खर्च कोण करणार, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि सुरक्षेचा आग्रह धरणाऱ्यांकडे त्याचे सोपे उत्तर नाही.

एसएसएचच्या बाजूलाही एक सैल गाठ आहे. पहिल्यांदा जोडताना सर्व्हर आपला ठसा दाखवतो आणि ‘हा खरा आहे ना?’ असे विचारतो. तो ठसा दुसऱ्या मार्गाने पडताळून पाहणारे विरळाच. बहुतेक जण ‘होय’ टाइप करतात आणि पुढे जातात. सगळ्या कुलपांची सुरुवात या एका होकारावर टेकलेली आहे.

बदललेले तेवढेच

वाट झाकली गेली, तरी ओझे तेवढेच राहिले. इंटरनेटचा वेग बिटांत सांगतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये आठ बिट. चढवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल तर १ गिगाबाइटची फाइल जायला, मध्ये काहीही न अडता, तासाहून जास्त वेळ लागतो. त्यात रोजच्या रोज तीच फाइल थोडी बदलून पाठवायची असेल तर?

या प्रश्नावर ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आरसिंक हे साधन काढले. त्यामागची युक्ती जवळून बघण्यासारखी आहे. समजा, ग्रामपंचायतीच्या एका जाडजूड नोंदवहीची एक प्रत गावात आहे आणि एक अलिबागला. गावातल्या वहीत बाराव्या पानावर कुणी एक ओळ मध्येच घातली. आता दोन्हीकडचे लोक फोनवर पानागणिक अक्षरे मोजू लागले, तर बाराव्या पानापासून शेवटपर्यंत एकही पान जुळणार नाही; कारण एका ओळीने पुढचे सगळे खाली सरकले आहे. खरे तर बदल एका ओळीचा, पण अख्खी वही पुन्हा पाठवायची वेळ येते.

आरसिंक अलिबागच्या प्रतीचे सारखे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याची दोन बेरजेसारखी अंकचिन्हे काढून गावाकडे पाठवते. एक झटपट निघणारे आणि कच्चे, दुसरे वेळ घेणारे पण पक्के. गावाकडचा संगणक आपल्या वहीवर तुकड्याएवढी खिडकी ठेवतो आणि ती एकेक अक्षराने पुढे सरकवत जातो. कच्चे चिन्ह अशा गणिताने काढलेले असते की खिडकी एका घराने सरकली तर मागचे अक्षर वजा आणि पुढचे अधिक एवढ्यावर नवे चिन्ह मिळते. सगळी आकडेमोड पहिल्यापासून करावी लागत नाही. कच्चे चिन्ह जुळले तरच पक्के तपासायचे. दोन्ही जुळली की तो तुकडा अलिबागला आहेच, पाठवायला नको. शेवटी तारेवरून जाते ती नवी ओळ आणि ‘हा तुकडा इथे लाव’ अशा सूचना. गेल्या तीस वर्षांत प्रती राखण्याची जी अनेक साधने निघाली, त्यांतल्या बऱ्याच साधनांनी हीच कल्पना उचलली आहे.

पण तिलाही मर्यादा आहेत. फाइल झिप केलेली किंवा कुलूपबंद असेल तर आत एक अक्षर बदलले तरी बाहेरून जवळजवळ सगळेच बदललेले दिसते, आणि मग वाचणार काहीच नाही. स्कॅन केलेली चित्रे तर एकदाच पाठवायची असतात. त्यांना जुनी प्रतच नसते. आरसिंक एकाच दिशेने काम करते, त्यामुळे दिशा चुकली तर नव्यावर जुने बसते. ‘इथे नाही ते तिथूनही पुसून टाक’ अशी मुभा देऊन चुकीचा फोल्डर दिला तर ती आज्ञा निमूटपणे पाळली जाते. फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ दिली की नाही, एवढ्यानेसुद्धा माल कुठे उतरेल ते बदलते. या साधनाने ज्यांची वर्षांची कामे वाचली असे लोक जितके भेटतात, तितकेच त्या तिरक्या रेघेची आठवण काढणारेही भेटतात.

गाडीने पाठवावे का

प्रत्येक फाइल तारेनेच गेली पाहिजे असे नाही, असे मानणारा एक पक्ष कायम राहिला आहे, आणि त्याच्याकडे भक्कम उदाहरणे आहेत. २०१९ मध्ये जगाने कृष्णविवराची पहिली प्रतिमा पाहिली. त्यासाठी एप्रिल २०१७ मध्ये वेगवेगळ्या खंडांतल्या दुर्बिणींनी मिळून पेटाबाइटांनी मोजावी इतकी माहिती टिपली होती. ती हार्ड डिस्कमध्ये भरून विमानाने अमेरिका आणि जर्मनीत नेली. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तिथला हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत अडकून राहिल्या. सप्टेंबर २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ एका कबुतराच्या पायाला ४ गिगाबाइटचे कार्ड बांधले. माहिती कबुतरामार्फत पोहोचून उतरवून झाली, तेव्हा तारेवरून जेमतेम ४ टक्के गेली होती.

आपल्याकडे याहून जवळचे उदाहरण शेजारच्या कर्नाटकातले. तिथे ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीची कागदपत्रे संगणकावर आली, आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दोड्डबळ्ळापूर तालुक्यात ‘डाकनेट’चा प्रयोग झाला. सरकारी बसवर वायफायचा एक डबा बसवला. बस गावातून जाताना गावातल्या संगणकाकडचे अर्ज उचलायची आणि तालुक्याला पोहोचली की तिथल्या सर्व्हरला द्यायची. परतीला उत्तरे आणायची. चालक-वाहकाने काहीही करायचे नव्हते. बातम्यांच्या पाकिटाची सवय असलेल्या कोकणी माणसाला यात नवल वाटू नये. मोबाईलचे जाळे पसरल्यावर हा मार्ग मागे पडला, पण ‘आधी साठव, भेट झाली की दे’ हे त्यातले तत्त्व टिकले.

महाराष्ट्रातला वारणेचा अनुभव या वादाला वेगळे वळण देतो. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारून ती साखर कारखान्याशी जोडायचा गाजलेला प्रकल्प सुरू झाला. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिले, तेव्हा गाव आणि कारखाना यांच्यात प्रत्यक्षात जात होते ते ऊस किती आला, खत किती उचलले, असे चार आकडे. एवढ्यासाठी संगणक, वीज, दुरुस्ती आणि जोडणी यांचा खर्च. त्यांनी काही गावांत साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम चालवून दाखवले. मोठी वाट बांधण्याआधी तीवरून काय जाणार हे मोजायला हवे, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष मानायला हरकत नाही. पुढे मोबाईलमध्ये कॅमेरा आला, चार आकड्यांच्या जागी छायाचित्रे जाऊ लागली आणि ओझे पुन्हा वाढले.

नेऊच नये, असे म्हणणारे

तिसरा वाद सगळ्यांत मोठा. फाइल इकडून तिकडे न्यावीच कशाला? ती सर्व्हरवर राहू द्या, प्रत्येकाने खिडकीतून बघावे. या बाजूचा मुद्दा रास्त आहे. प्रती जितक्या, तितके घोळ. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम नवीन २’ अशा नावांच्या फाइल ज्याने हाताळल्या आहेत त्याला हा मुद्दा पटवावा लागत नाही. सातबाऱ्याच्या बाबतीत राज्याने हाच मार्ग धरला. मूळ नोंद मध्यवर्ती ठिकाणी राहते, तलाठी फेरफार तिथेच नोंदवतो, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा कुणालाही उतरवून घेता येतो. खातेदाराच्या हातात येतो तो मूळ दप्तराचा त्या क्षणाचा ठसा. त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने तो खरा की खोटा हे बँकेला तपासता येते. पूर्वी त्याच कागदासाठी सजेच्या गावी दोन-तीन खेपा घालाव्या लागत, हे विसरता येत नाही.

याची दुसरी बाजू रेंज गेली की दिसते. सर्व्हर दिसेनासा झाला की काम थांबते, माणूस आणि संगणक दोन्ही शाबूत असूनही. रात्री ताण कमी असतो म्हणून रात्री जागून नोंदी करणारे तलाठी राज्यात सगळीकडे होते. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, पुरी प्रत इथेही हवी. जोडणी असेल तेव्हा दोन्ही प्रतींनी एकमेकींशी मेळ घालावा. ही कल्पनाही जुनी. कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ पासून ‘कोडा’ ही रचना विकसित केली. जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणे हाच तिचा हेतू होता. २००८ मध्ये खुल्या झालेल्या ड्रॉपबॉक्सने तशी सोय घरोघरी नेली, आणि २०१९ मध्ये काही संशोधकांनी ‘आधी स्थानिक’ या नावाने तिचा सविस्तर पुरस्कार केला.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी या दोन पक्षांच्या मधोमध उभी आहे. शेतकरी बांधावर उभा राहून फोटो काढतो. तिथे रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठते आणि रेंजमध्ये आल्यावर चढवता येते. महाडशेजारच्या पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना ही मुभा नसती तर पाहणी करताच आली नसती. मात्र साठवलेली नोंद चढवायला विसरणे, मधल्या काळात फोन बिघडणे, मुदत संपणे हे धोके शेतकऱ्याच्या माथी येतात. ‘मी नोंद केली होती’ हे तो कशाने सिद्ध करणार?

दोन प्रतींचा मेळ हा तर सरळ गणिताने न सुटणारा भाग. एकाच नोंदीत दोघांनी दोन ठिकाणी वेगवेगळे बदल केले तर खरे कुणाचे? वहीत चुकून दोनदा आलेली ओळ चालून जाते, पण जमिनीच्या हिश्श्यात चालत नाही. आपोआप मेळ घालणाऱ्या रचनांवर गेल्या दीड दशकात पुष्कळ संशोधन झाले. त्या दोन्ही प्रती अखेर सारख्या होतील याची हमी देतात. त्या बरोबर असतील याची देत नाहीत. म्हणून मालकीहक्काची नोंद मध्यवर्ती आणि पिकाची नोंद आधी स्थानिक, ही सध्याची वाटणी शहाणपणाची वाटते.

पाणी आले तेव्हा

महाड-पोलादपुरात हा वाद पुस्तकी राहत नाही. सावित्री आणि गांधारी यांच्या काठचे महाड जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी बुडाले. दुसऱ्या खेपेला त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे गेली. दुकानांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत पाणी शिरले की वह्यांचा लगदा होतो आणि टेबलाखालच्या संगणकाची डिस्कही वाचत नाही. अशा वेळी मूळ प्रत दूर, कोरड्या जागी असणे हीच सुरक्षितता. पण त्याच रात्री वीज आणि मोबाईल यंत्रणा कोलमडली होती. ज्यांना काही दिवस त्या दूरच्या प्रतीची सर्वाधिक गरज होती, त्यांनाच ती दिसत नव्हती.

जाणकार सांगतात तो नियम म्हणून दोन्ही बाजूंना धरून आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. यात आता एक भर घालावी लागते. आपोआप मेळ घालणारी प्रत म्हणजे राखीव प्रत नाही. इथे फाइल पुसली गेली किंवा खंडणीखोर विषाणूने कुलूपबंद केली, तर तोच बदल इमानेइतबारे तिथेही जातो.

पोहोचली, पण वाचता येईना

मराठी फाइलची एक वेगळी अडचण आहे. इंग्रजीत लिहिलेल्या आढाव्यांत ती सापडणार नाही. युनिकोड रुळण्याआधी दोन दशके मराठीत जे टंकले गेले ते वेगवेगळ्या फाँटच्या आपापल्या सांकेतिक भाषेत. फाइल एकही बिट न गमावता पोहोचायची आणि समोरच्याकडे तो फाँट नसला की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग यायची. छापखाने, वर्तमानपत्रे आणि सरकारी कचेऱ्या यांच्या जुन्या डिस्क अशा मजकुराने भरलेल्या आहेत. नाव देवनागरीत दिलेल्या फाइली झिपमध्ये घालून दुसऱ्या संगणकावर सोडल्या की नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे येण्याचा प्रकार अजून पुरता थांबलेला नाही. म्हणून आजही सावध माणूस फाइलचे नाव इंग्रजीत देतो.

सर्वसामान्यांची खरी ने-आण तर व्हॉट्सअ‍ॅपवरून होते. ते छायाचित्र दाबून लहान करते, म्हणून ‘फोटो नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव’ ही सूचना गावात शाळकरी पोरेही मोठ्यांना देतात. सोय निर्विवाद आहे. पण आधार, सातबारा आणि पासबुकाच्या प्रती वाटेतल्या किती फोनमध्ये राहून जातात, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. २०१५ पासून चालू असलेले डिजिलॉकर या सवयीला पर्याय म्हणून पुढे आले. त्यात कागद न पाठवता फक्त तो पाहण्याची परवानगी देता येते. सवय मात्र अजून पाठवण्याचीच आहे.

अडलेली पट्टी

सुरुवातीच्या त्र्याण्णव टक्क्यांचे उत्तर या इतिहासातच आहे. तुटलेली ने-आण मधूनच पुढे सुरू करण्याची आज्ञा एफटीपीच्या १९८५ च्या नियमावलीत होती. वेबच्या नियमांतही उतरवून घेताना ‘मला अमुक बाइटपासून पुढचे दे’ असे म्हणता येते. म्हणून अर्धा राहिलेला सिनेमा पुढे उतरतो. चढवण्यासाठी मात्र वेबला अशी सर्वमान्य रीत नव्हती. वेबची घडणच वरून खाली येणाऱ्या माहितीसाठी झाली, आणि जोडणीचा वेगही बहुधा उतरवायला जास्त, चढवायला कमी ठेवला जातो. गावाचे काम नेमके उलटे. गाव अर्ज, फोटो, स्कॅन वर पाठवते.

काही मोठ्या सेवांनी आपापल्या पद्धतीने तुकड्या-तुकड्यांनी चढवण्याची सोय केली, २०१३ पासून ‘टस’ नावाची एक खुली रीतही आहे, आणि तिच्या अनुभवावर आधारलेला एक समाईक मसुदा इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या कार्यगटापुढे आला. तो सगळीकडे रुजायचा तर ब्राउझर आणि सर्व्हर दोघांनीही तो उचलला पाहिजे, आणि अर्धवट आलेले तुकडे किती काळ सांभाळायचे, त्यांची जागा आणि जबाबदारी कुणाची, हे प्रत्येक कचेरीने ठरवले पाहिजे. सरकारी संकेतस्थळांचे सर्व्हर हे काम कधी हाती घेतील, यावर नाते, कोंझर आणि पोलादपूरच्या वाड्यांतली पट्टी अवलंबून आहे.

तोवर सेवा केंद्रातला उपाय ठरलेला असतो. फाइलला काहीशे किलोबाइटची मर्यादा असते, म्हणून स्कॅन आधी लहान करायचा, मग आणखी लहान. तो चढतो. चार दिवसांनी शेरा येतो की रेशनकार्डावरचा क्रमांक वाचता येत नाही, पुन्हा जोडा.